अंगणातले खातेदार

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. पूल ओलांडला की शिरवळ. बहुतेकांना हे गाव माहीत असते ते चहासाठी गाडी थांबवण्यापुरते. मीही नोकरीची पस्तीस वर्षे शिरवळ एसटीच्या खिडकीतूनच पाहिले. पुढे खंबाटकीचा घाट चढायचा असल्याने इकडे नीट लक्षही गेले नाही.

२०२० च्या मे महिन्यात मी बँकेतून निवृत्त झालो. ते टाळेबंदीचे दिवस. निरोप समारंभ झाला नाही. शाल-श्रीफळ राहिले ते राहिलेच. गावाच्या कडेला चार गुंठे जागा घेऊन दोन खोल्यांचे घर आधीच बांधले होते. तिथे आम्ही दोघे राहायला आलो. दोन कादंबऱ्या नोकरी सांभाळून लिहिल्या होत्या, तिसरी निवांतपणे लिहायची असे ठरवले होते. टेबल खिडकीशी मांडले आणि तिथेच चूक झाली. कादंबरी बारा पानांवर थांबली. कारण खिडकीबाहेर शाखा उघडली होती.

हो, शाखाच. पहाटे पाचला दयाळ येऊन शेवग्याच्या शेंड्यावर बसायचा आणि सुरेल शीळ घालायचा. हा आमचा दार उघडणारा शिपाई. मग साळुंक्यांची जोडी यायची. काउंटरवर येऊन पासबुक आपटणारे खातेदार असतात ना, तशी. तारेवर कोतवाल बसायचा, दुभंगलेली शेपटी खाली सोडून. आपल्या हद्दीत घार आली तरी तिच्या पाठीवर तुटून पडणारा हा पक्षी म्हणजे आमचा सुरक्षारक्षक. होला दिवसभर एकाच सुरात तक्रार करायचा आणि कुंपणावरचा वेडा राघू माशी पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा, नेमाने, जणू त्याची खुर्ची तिथे ठरलेली. महिनाभरात मी वहीत सत्तावीस खाती उघडली.

मग कॅमेरा आलाच. कॅमेऱ्याचे वेड जुने. १९९२ साली मी जुना झेनिट विकत घेतला होता. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, धुवायला टाकायचा आणि आठ दिवसांनी पाकीट उघडायचे. छत्तीसपैकी तीसांत नुसती फांदी. पक्षी नुकताच उडालेला! उरलेल्या सहांत एक काळा ठिपका. पाहुण्यांना तो कोकीळ आहे असे शपथेवर सांगावे लागे. आताच्या डिजिटल कॅमेऱ्यात रोल नाही आणि खर्चाची धास्तीही नाही. निवृत्तीच्या पैशातून लांब पल्ल्याचा एक कॅमेरा घेतला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, आता फांद्यांचे फोटो जास्त स्वच्छ येतील.’’

आले. पण हळूहळू पक्षीही येऊ लागले. घरच्या घरी पक्ष्यांचे फोटो काढायचे तर दोन-चार गोष्टी कळायला हव्यात आणि त्या अनुभवानेच कळतात. पक्ष्यामागे धावायचे नाही, त्याच्या येण्याच्या जागी आपण आधी जाऊन बसायचे. सकाळचे पहिले दोन तास ऊन कोवळे असते, तेव्हा पिसांचे खरे रंग दिसतात. दुपारच्या उन्हात कोतवाल नुसता कोळशाचा तुकडा दिसतो. पक्षी जमिनीवर असेल तर आपणही खाली बसावे, गुडघे कुरकुरले तरी. आणि डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा जिवंत तर फोटो जिवंत.

अंगणात मातीची पसरट परळ ठेवली. त्यात दोन बोटे पाणी. झुडपापासून चार-पाच हातांवर, म्हणजे मांजर आले तर दिसावे आणि पक्ष्याला झुडपात शिरता यावे. पाणी रोज बदलायचे, नाहीतर पक्ष्यांऐवजी डासांची सोय होते. उन्हाळ्यात त्या परळीवर जी गर्दी होते ती पगाराच्या दिवशीही मी पाहिलेली नाही.

हिवाळ्यात मोठे पाहुणे येतात, पण ते अंगणात नाहीत. नीरेवर खाली वीर धरण आहे. त्याचा फुगवटा आमच्या बाजूने पसरलेला. थंडीत त्या पाण्याच्या काठावर पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या जातीचा पक्षी मध्य आशियातून, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. अंगावर बसवलेल्या यंत्रांनी त्याचे उड्डाण सात हजार मीटरच्याही वर नोंदवले आहे. आपल्याला खंबाटकीचा घाट चढताना धाप लागते! त्या काठावर बसले की आपल्या अंगणातली साळुंकी आणि हे परदेशी पाहुणे एकाच वहीच्या दोन पानांवर येतात, याची गंमत वाटते.

इथपर्यंत सगळे आनंदाचे. आता जे सांगायचे आहे ते सांगताना अजून जीभ अडखळते.

२०२१ चा जून. फाटकावरच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. वाटीएवढे, काटक्या-मुळ्यांचे, पानांच्या आड. तीन पिल्ले निघाली. आई चोचीत अळी घेऊन यायची आणि तीन लाल चोची एकदम उघडायच्या. हा फोटो मला हवाच होता. मध्ये पाने येत होती. ही म्हणाली, ‘‘राहू द्या ना. त्यांनी आडोसा बघूनच घर केलंय.’’ मी म्हणालो, ‘‘अगं, चार पानं तर काढतोय.’’ आणि कात्रीने चार पाने कापली. चारची नऊ झाली. फोटो सुरेख आला. तसा फोटो मी त्यापूर्वी कधी काढला नव्हता. संध्याकाळी तो मित्रांना पाठवला, वाहवा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलबुलांचा आकांत ऐकून बाहेर आलो. मधुमालतीवर भारद्वाज बसला होता. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा. आपल्याकडे सकाळी भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात. बँकेत असताना वाटेत तो दिसला की दिवस चांगला जाणार असे मीही म्हणत असे. सरडे, अंडी, दुसऱ्यांची पिल्ले हा त्याचा आहारच आहे. त्याचा काही दोष नाही. त्याला वाट मी दाखवली होती. मी पोहोचेपर्यंत वाटी रिकामी झाली होती. बुलबुल दोन दिवस चोचीत अळी घेऊन तिथे येत राहिले.

ही त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. चूक झाली की आधी नियम काढून बघायचा. मी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढून वाचला. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत बसते. आयुष्यात कधी गलोलही न धरलेला मी, कात्री आणि कॅमेरा घेऊन शिकारी झालो होतो. पुढे कळले की अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत. जाणत्यांना हे माहीत होते. मला पिल्लांची किंमत देऊन कळले.

तेव्हा सलीम अली आठवले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे विचारायला तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथे मिलार्ड नावाच्या गृहस्थांनी त्याच्यापुढे पक्ष्यांच्या संग्रहाचे कपाट उघडले. पुढचे आयुष्य त्या कपाटातून निघाले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले. याच माणसाने १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीचा अभ्यास केला. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आपल्या मनात खोपा विणते ती सुगरण मादी. प्रत्यक्षात विणकाम नराचे. तो अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर संसार मांडते आणि मग तो उरलेला पुरा करतो. नंतर नवा खोपा, नवी मादी. हे सगळे कळले ते घरट्याला हात लावून नव्हे, दिवसेंदिवस बसून पाहण्याने.

मी चिमणीच्या गोष्टीशी माझी तुलना करत नाही. पण पडलेल्या पक्ष्यापासूनही शिकता येते, एवढा धीर त्या गोष्टीने मला दिला. कॅमेरा ठेवून दिला नाही, पण नियम केला. घरट्याचा फोटो नाही. फांदी वाकवायची नाही, पान तोडायचे नाही, आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला फसवून बोलवायचे नाही. आणि फोटो निघाला नाही तरी वहीत नोंद करायची. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीचे पक्षी मोजतात. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारत २०१३ पासून सामील आहे. किमान पंधरा मिनिटे बसायचे आणि दिसले ते प्रामाणिकपणे लिहायचे. अशा सामान्यांच्या नोंदींवरूनच २०२० च्या अहवालात कळले की चिमण्या काही मोठ्या शहरांत घटल्या असल्या तरी देशभरात त्यांची संख्या बरीचशी टिकून आहे. आमच्या पडवीत मी सव्वा इंची भोकाची लाकडी पेटी टांगली आहे. दोन चिमण्यांनी ती स्वीकारली, अनामत रकमेशिवाय.

२०२३ च्या फेब्रुवारीत ही न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि घरी आल्यावर बरेच दिवस पलंगावर. पलंग खिडकीशी लावला. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची तार. एका सकाळी ती म्हणाली, ‘‘अहो, तारेवर कोळिष्टकं लोंबतायत, काढा की.’’ मी बघायला गेलो तर कोळिष्टकांत सालींचे तुकडे नीट गुंफलेले. शिंजीराची मादी घरटे बांधत होती.

कपडे मागच्या बाजूला वाळू लागले. घरटे लांबट थैलीसारखे झाले, एका बाजूला भोक आणि त्यावर इवलीशी पडवी. बांधकाम तिचे एकटीचे. नर उन्हात जांभळा-निळा चमकत तारेवर नुसता गाणी म्हणायचा. ‘‘सगळ्यांच्या घरी हेच,’’ ही म्हणाली. मग मादी आत बसू लागली. भोकातून फक्त बाकदार चोच दिसायची. दोघीजणी समोरासमोर, हलायला मनाई असलेल्या.

खिडकी ते तार अंतर सहा हात. प्रकाश उत्तम. पान नाही, फांदी नाही, काही कापायचेही नव्हते. एकदा मी कॅमेरा घेऊन खिडकीशी आलो, हे खोटे कशाला सांगू? ती काही बोलली नाही. नुसते माझ्याकडे पाहिले. मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसलो.

पिल्ले निघाल्यावर नरही कामाला लागला. दिवसभरात किती खेपा होतात ते ही मोजायची आणि मी लिहायचो. मार्चच्या अखेरीस एका सकाळी पहिले पिल्लू भोकातून बाहेर आले, तारेवर डगमगले आणि शेवग्यापर्यंत कसेबसे उडाले. दुसऱ्याने तासभर विचार केला. ते उडाले तेव्हा ही वॉकर धरून खिडकीपाशी उभी होती. आधाराशिवाय उठलेली, पहिल्यांदाच.

पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना फोटो दाखवतो. दयाळ, हळद्या, खंड्या, वीरच्या पाण्यावरचे पट्टकादंब. त्या बुलबुलाचा फोटोही ठेवला आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही. शिंजीराचा फोटो नाही. त्याची वहीत एक ओळ आहे, हिच्या अक्षरात: ‘‘दोन्ही उडाली. सकाळी ८ वाजून ४० मिनिटे.’’