वाचलेले पुस्तक आणि घरचे ताट



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय असा की, एखादे पुस्तक वाचून झाले म्हणजे त्याला शोभेल असा एक पदार्थ घरच्या चुलीवर करावा, चारचौघांत बसून खावा आणि खाताखाता त्या पुस्तकाविषयी बोलावे. कोणी म्हणेल, पुस्तक डोक्यासाठी नि भाकरी पोटासाठी. दोहोंची गाठ कशाला घालता? मीही परवापर्यंत असेच म्हणत होतो. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तीन जुनी पुस्तके पुन्हा वाचली, प्रत्येकाबरोबर घरात एकेक पदार्थ केला, आणि माझे मत बदलले. ते का बदलले, एवढेच आज सांगणार आहे. तिन्ही पुस्तकांचे आपल्या जळगाव-धुळे भागाशी जवळचे नाते आहे.

पहिले पुस्तक 'बहिणाबाईंची गाणी'. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला आणि 1951 च्या डिसेंबरात जळगावला त्या वारल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात काम करताना नि घरात दळताना त्या गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर राहिली, आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघाले. ज्या बाईंनी शाळा पाहिली नाही त्यांचेच नाव 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.

मी ही गाणी वर्गात शिकवतो. त्यांत 'घरोट' हा शब्द येतो. मी मुलांना सांगत असे, 'घरोट म्हणजे जाते', आणि पुढे जात असे. एकदा एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. ओसरीत जुने जाते पडले होते. मी त्याच्या आजीला माझा हा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "सर, नुस्ता शब्द सांगून काय व्हईन? एकडाव फिरवून पाहा." मी खाली बसलो. पाच मिनिटांत खांदा भरून आला. मुठीने वैरण जास्त घातली की पीठ भरड पडते, कमी घातली की दगडावर दगड घासतो. हात एका ठेक्यात फिरला तरच काम होते. आणि तो ठेका टिकवायचा म्हणजे तोंडात गाणे हवे. दळणाऱ्या बाईच्या गाण्याची चाल अशी का, हे मला एम. ए.च्या कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. ते त्या ओसरीत सापडले.

त्या जात्यावर आम्ही कळणा दळला. कळण्याची भाकरी ही आपल्या खानदेशची खूण. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि थोडे जाडे मीठ घालून एकत्र दळायचे; पीठ फार बारीक नको. ऊन पाण्यात मळून भाकरी थापावी, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकत आले की उलटावी आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवावी. हिवाळ्यात तिच्याबरोबर भरीत हवे. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजावी, सोलून लाकडी भांड्यात ठेचावी. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून त्यात वांगे घालावे. शेतातली कपाशी वेचून झाली की तिच्याच काड्यांवर शेतातलेच वांगे! बाहेरचे लागते ते फक्त मीठ.

शिक्षकांनी इथे विज्ञानाचाही धडा घ्यावा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ऊन पाणी लागते. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी थापायला सोपी जाते. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. उलट कडधान्यात जे कमी ते ज्वारीत मिळते. दोन्ही एकत्र आली म्हणजे एकमेकांची उणीव भरून निघते. ही शब्दावली आपल्या आज्यांना ठाऊक नव्हती. मिश्रण मात्र त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या.

दुसरे पुस्तक 'श्यामची आई'. त्यातले गाव कोकणातले, पण ते लिहिणारे साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 1930 साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. हे पुस्तक त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्यात अळणी भाजीची एक गोष्ट आहे. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील ती भाजी कुरकुर न करता खातात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते.

माझ्या मुलीने मला विचारले, "बाबा, आईने करताना चव का नाही पाहिली?" प्रश्न रास्त होता. आजच्या मुलाला ही गोष्ट कळत नाही ती याच जागी. म्हणून आम्ही घरात तांदुळजाची पालेभाजी केली आणि अर्धी मुद्दाम अळणी ठेवली. भाजी निवडायला नि चिरायला मी बसलो. तेव्हा तीन गोष्टी उलगडल्या. एक, कच्चा पाला कढईभर दिसतो आणि शिजल्यावर मूठभर होतो. आधी मीठ घातले तर भाजी खारट व्हायची, म्हणून जाणत्या बाया पाला खाली बसल्यावर मीठ घालतात. आणि मागाहून करायचे काम विसरते. दुसरी, नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखायचे नाही, ही जुन्या घरांतली रीत. तिसरी, घरातली बाई सर्वांच्या मागून जेवणार. म्हणजे चूक सर्वांत शेवटी कळणार ती जिने चूक केली तिलाच. या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या की वडिलांच्या गप्प राहण्याला अर्थ येतो.

अळणी भाजीचा पहिला घास घेतल्यावर माझ्या मुलीने तोंड वेडेवाकडे केले. मग ती म्हणाली, "हे न बोलता खाणं सोपं नाही." मित्रहो, त्या धड्यावरचे यापेक्षा चांगले उत्तर मी कोणत्याही परीक्षेत वाचलेले नाही. पण दुसरा प्रश्नही तिनेच विचारला: आई शेवटी का जेवायची? त्याला माझ्याजवळ बचाव नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरी सगळे एकदम ताटावर बसतात.

तिसरे पुस्तक 'गीता प्रवचने'. हे तर धुळ्याच्या तुरुंगातच जन्मले. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबा भावे यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा अध्याय, अठरा रविवार. आणि ती शब्दशः उतरून घेणारे कोण? हेच साने गुरुजी. त्यांचा हात तिथे नसता तर विनोबांचे बोलणे तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सात्त्विक, राजस आणि तामस. शिजवून प्रहर लोटलेले, शिळे, उष्टे अन्न तामस म्हटले आहे. हे वाचले त्या दिवशी मी मुद्दाम रात्रीची भाकरी ठेवून दिली आणि सकाळी ती हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर नि कांद्याबरोबर खाल्ली. का? कारण पहाटे कापूस वेचायला निघणाऱ्या आपल्या हजारो बायांची न्याहारी हीच असते. मग त्यांचे अन्न तामस म्हणायचे काय?

हा प्रश्न टाळू नये. त्याच अध्यायात सात्त्विक अन्नाची खूण सांगितली आहे ती अशी की ते आयुष्य, बळ आणि आरोग्य वाढवते. ज्या भाकरीवर एक बाई दुपारपर्यंत उन्हात उभी राहते ती बळ वाढवणारी नाही, असे कोण म्हणेल? आजचे विज्ञानही सांगते की गार झालेल्या भाकरीतला काही पिष्टमय भाग सावकाश पचतो. आणि एक भेद नीट करावा. शिळे आवडीने खाणे निराळे, ताजे परवडत नाही म्हणून खाणे निराळे, आणि दुसऱ्याला मुद्दाम शिळे देणे तर अगदीच निराळे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली निघाले. मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न त्यांनी त्यात नोंदले आहे आणि अन्नाला उच्चनीच ठरवणाऱ्या या कल्पनांनाच प्रश्न विचारला आहे. 'गीता प्रवचने' वाचणाऱ्या शिक्षकाने तेही वाचावे. दोन पुस्तके एका ताटाभोवती बसवली म्हणजे बोलणे खरे होते.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिच्या हातची फुणकी सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होती. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरे, कांद्याची पात, कोथिंबीर, हळद, मीठ घालायचे. मुठीने लांबट गोळे वळून वाफवायचे आणि ताकाच्या गरम कढीबरोबर खायचे. एवढे मला ठाऊक आहे. पण तिची फुणकी फुटत नसत आणि दडदडीतही होत नसत. आमच्या घरी आता एक तरी गोष्ट होते. डाळ किती वेळ भिजवायची, किती भरड ठेवायची, हे ती 'अंदाजाने' म्हणे. आणि तिचा अंदाज तिच्या हातात होता. मी दुसऱ्यांच्या आयांवर लिहिलेल्या पुस्तकांच्या टिपा काढून वह्या भरल्या. तिच्याजवळ बसून चार ओळी उतरून घ्याव्यात असे मला सुचले नाही. आई गेली. वही कोरी राहिली.

म्हणून तिन्ही पुस्तकांतली सारखी गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. बहिणाबाईंची गाणी उरली ती कोणीतरी लिहून घेतली म्हणून. विनोबांची प्रवचने उरली तीही त्याच कारणाने. 'श्यामची आई'तली आई उरली, कारण मुलाने तिची अळणी भाजीसुद्धा विसरू दिली नाही. पाकशास्त्राची पुस्तके मराठीत 1875 च्या 'सूपशास्त्रा'पासून आहेत, 1970 साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घरोघर गेली. परंतु तुमच्या गावातल्या, तुमच्या आळीतल्या कितीतरी पदार्थांचे माप कोणत्याच पुस्तकात नाही. ते चाळीस-पन्नास म्हाताऱ्या हातांत आहे.

शिक्षक मित्रहो, म्हणून माझी विनंती अशी. महिन्यातून एक शनिवार ठरवा. एक पुस्तक, किंवा एकच धडा, घ्या. त्याला जुळणारा एक साधा पदार्थ निवडा. खर्चाचा नको, गरीब घरालाही जमेल असा हवा. गावातल्या एका आजीला बोलवा आणि तिला खुर्चीवर बसवा. त्या दिवसाची शिक्षिका ती. निवडणे, चिरणे, भांडी घासणे मुलांनी नि मुलींनी सारखे वाटून घ्यावे. पंगत एकच असावी. कोणाच्या घरी काय शिजते यावरून कोणी नाक मुरडू नये. ते आधीच सांगून टाका.

आणि वही ठेवा. आजीने 'मूठभर' म्हटले तर 'मूठभर' असेच लिहा. मग तिची ती मूठ वाटीत रिकामी करून मापा आणि कंसात तेही लिहा. तिची बोली अहिराणी असो, तावडी असो, तिचा शब्द बदलू नका. आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस वारले. आयुष्यभर गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दप्तरे जमवली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 साली तिथे उभे राहिले, ते त्या कागदांच्या जपणुकीसाठी. कागदांना कसर लागते, तरी ते काही वर्षे वाट पाहतात. माणसाचा हात वाट पाहत नाही.

ज्यांना वाचता येत नाही अशा माउल्याही हे ऐकत असतील. त्यांना एवढेच सांगतो: पुस्तक आपल्यासाठी नाही असे मनात आणू नका. पुस्तकातल्या कितीतरी शब्दांची किल्ली तुमच्याजवळ आहे. आम्हा शिकलेल्यांना ती तुमच्याकडे येऊन मागायची आहे. आज संध्याकाळी नातू जवळ आला तर त्याच्या हातून एक धडा वाचून घ्या, आणि त्याच्या हाती पीठ मळायला द्या.

तुमची आई, आजी, आत्या आज हयात असेल तर हे भाषण संपल्यावर वही घेऊन तिच्याजवळ बसा. डाळ किती वेळ भिजवायची, तेवढे आधी विचारा.