ओल्या काचेवरचा उजेड

पातूरच्या शैलगृहांसमोर आज कोणीही खिशातून मोबाइल काढून छायाचित्र घेतो. दीडशे वर्षांपूर्वी असेच लेणे टिपायचे तर काळोखाचा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी, एवढा संसार बैलगाडीतून डोंगराशी न्यावा लागे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ही कलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. पेटंट घेतले नाही. तिचे मूळ द्रव्य कापूस, हे वऱ्हाडी माणसाला विशेष वाटावे! तीव्र आम्लांत मुरवलेला कापूस ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, त्यात आयोडाइड घालायचे आणि तो पाक काचेवर ओतून चारी कोपऱ्यांपर्यंत फिरवायचा. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटची आंघोळ. काच ओली आहे तोवरच, म्हणजे दहाएक मिनिटांत, चित्र घेऊन धुवायचे. वाळली की संवेदना गेली. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते आणि अकोल्याचा मे महिना ४५ च्या घरात जातो. यावरून काय ते समजावे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आलेला मेजर रॉबर्ट गिल याच काळात कॅमेऱ्याकडे वळला. त्याची ७४ छायाचित्रे असलेला लेण्यांवरचा ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला निघाला. मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गिलच्या बहुतेक रंगीत नकला जळाल्या. मग छायाचित्रांनी ती उणीव भरली असती का? नाही. कलोडियनला निळा उजेड दिसतो, तांबडा जवळजवळ दिसत नाही. अजिंठ्याची गेरू आणि पिवळी माती त्यात काळवंडते. माझ्या मते म्हणूनच त्या काळच्या छायाचित्रांचे खरे बळ खांब, कमानी आणि मूर्तींत आहे, भित्तिचित्रांत नाही.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच सुचवली, पुढे ती कारखान्यातून तयार मिळू लागली आणि तंबू सुटला.

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अशा काचा अजून सापडतात, आणि फ्रेमसाठी खरवडल्याही जातात. थर ओघळल्यासारखा, एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी असेल तर ती बहुधा हाताने ओतलेली कलोडियन काच. थर सगळीकडे सारखा असेल तर जिलेटिनची. पहिलीला स्पिरिट लावू नये, वरचे वार्निश विरघळते; दुसरीला पाणी लावू नये, थर फुगून सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने काचेची मोकळी बाजू तेवढी झाडावी आणि प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून उभी ठेवावी.