पानं पडली, आता उचला!

अमेरिकेतल्या ताई-दादाच्या इन्स्टावर ऑक्टोबरात लाल-पिवळ्या मेपलचे फोटो दिसतात ना? पुढे तीच पानं अंगणात पडतात, तेव्हाचे फोटो मात्र कुणी टाकत नाही! पानांचा ओला थर तसाच राहिला तर खालचं गवत मरतं. म्हणजे ती उचलणं आलंच.

तिकडचा नेहमीचा उपाय म्हणजे पेट्रोलवरचा ब्लोअर. आवाज अख्ख्या गल्लीला, धूर वेगळाच. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब ऐका: असा ब्लोअर तासभर चालवला की धुरकं वाढवणारं प्रदूषण होतं २०१७ची कॅम्री सुमारे १,१०० मैल पळवण्याइतकं!

शांत पर्याय आहे. बॅटरीवरचा गार्डन ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडलेला लॉन स्वीपर. नवीन फॅड वाटतंय? जनरल इलेक्ट्रिकने १९६९मध्येच 'इलेक-ट्रॅक' हा ३६ व्होल्टचा बॅटरी ट्रॅक्टर आणला होता.

गंमत म्हणजे या स्वीपरला स्वतःची मोटरच नसते. चाकं फिरली की गिअरमधून ब्रश त्यांच्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतात आणि पानं मागच्या मोठ्या पिशवीत उडवतात. गवत कापणारी पाती बंदच ठेवायची. बॅटरी खर्च होते ती फक्त ओढण्यापुरती, त्यामुळे गवत कापण्यापेक्षा ती जास्त वेळ पुरते.

यंदा तुम्ही तिकडे असाल आणि हे काम तुमच्या गळ्यात पडलं, तर एवढं सांभाळा. दव वाळू द्या. ओली पानं ब्रशला गुंडाळतात आणि पिशवी जड करतात. ब्रशची टोकं गवतात जेमतेम अर्धा इंच जातील एवढीच खाली घ्या. फार खाली घेतलीत तर ब्रश झिजतील आणि ओढायला ताकद जास्त लागून बॅटरीही लवकर उतरेल. वेग चालण्याइतका ठेवा.

आणि उतारावर अजिबात हिरोगिरी नको. भरलेली पिशवी ट्रॅक्टरला मागून ढकलते. ती आधी सपाटीवर रिकामी करा, मग सावकाश उतरा. उतारावर आडवं तर चालवूच नका, ट्रॅक्टर कलंडू शकतो.

पानं जाळू नका, फेकूही नका. बागेच्या कोपऱ्यात ढीग लावा. वर्ष-दोन वर्षांत त्याचं काळं, भुसभुशीत खत होतं. त्याचा फोटो मात्र नक्की टाका!