वेल्श संख्याशब्दांची दोन वये

वेल्श भाषेत नव्याण्णव हा आकडा जुन्या रीतीने सांगायचा झाल्यास ‘पंधरावर चार आणि चार विसा’ अशी मांडणी करावी लागते, आणि त्यामुळे ही गणना अतिप्राचीन असावी असा समज होतो. वस्तुतः प्राचीन आहेत ते सुटे शब्द, मांडणी नव्हे.

‘साइथ’, ‘नाउ’, ‘देग’ आणि शंभरासाठीचा ‘कान्त’ हे शब्द सप्त, नव, दश आणि शत यांचे सख्खे भाईबंद आहेत, कारण वेल्शचे केल्टिक कुळ आणि संस्कृत या दोहोंचे मूळ एकाच इंडो-युरोपीय भाषेत आहे. संस्कृतात तीन आणि चार यांची ‘तिस्रः’, ‘चतस्रः’ अशी स्वतंत्र स्त्रीलिंगी रूपे होती. मराठीत ती उरली नाहीत (तिघी, चौघी यांची घडण निराळी), वेल्शने मात्र ‘ताइर’ आणि ‘पेदाइर’ या रूपांत ती आजवर राखली आहेत. पाचासाठीचा ‘पिम्प’ हा शब्द तर चकवाच आहे. ‘पञ्च’मधला ‘प’ मूळचा. पण केल्टिकमध्ये तो पुढच्या ‘क्व’च्या ओढीने स्वतःच ‘क्व’ झाला, आयर्लंडच्या भाषेत त्याचा ‘क’ होऊन ‘कूइग’ शब्द उरला, तर वेल्शमध्ये सर्वच ‘क्व’ ‘प’कडे वळल्यामुळे गेलेला ‘प’ आडवाटेने परत आला.

विसांची मांडणी त्यामानाने अलीकडची दिसते. वीस या अर्थाचा ‘इगाइन’ शब्द ‘विंशति’चाच नातलग, म्हणजे मुळात ‘दोन दहा’ सांगणारा. शिवाय जुन्या आयरिशमध्ये तीस ते नव्वद या दशकांना दहांवर आधारलेली स्वतंत्र नावे होती, यावरून केल्टिक गणना आधी दशमान होती असे मानता येते. पूर्वीच्या एखाद्या लोकसमूहाकडून विसांची रीत आली असे काही अभ्यासक सुचवतात, परंतु त्यास भक्कम पुरावा नाही. चाळीस म्हणजे ‘दोन विसा’, साठ म्हणजे ‘तीन विसा’ असे चालले असताना पन्नासाला मात्र ‘अर्धे शंभर’ म्हणतात, आणि अठराला ‘दोन नऊ’. जवळच्या नात्यातल्या ब्रेटन भाषेत तेच ‘तीन सहा’ होते. भाषा गणितापेक्षा सोय पाहते, हेच खरे.

शाळेत आज दशमान रीत शिकवली जाते, जुनी रीत घड्याळ, तारीख आणि वय यांत टिकून आहे. 1971पर्यंत पौंडाचे 240 पेन्स असल्याने अर्ध्या पौंडाला ‘ख्वेइगाइन’, म्हणजे ‘सहा विसा’, म्हणत; नव्या चलनात त्याचे 50 पेन्स झाले, तरी त्या नाण्याला हेच नाव चिकटले.