विजेची गाडी दारात आली, पण वाटेत थांबायचे कुठे?

विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि स्कूटर आता गावोगावी दिसू लागल्या आहेत. मात्र लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच शंका असते, 'बॅटरी मध्येच संपली तर?' या शंकेचे उत्तर म्हणजे रस्त्यावरची जलद चार्जिंग केंद्रे. ती किती वाढली आणि त्यात अजून काय उणे आहे?

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील एक गृहिणी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना सोबत घेऊन माहेरी निघाली. तिचे नाव बर्था बेंझ. वाहन होते तिच्या पतीने, कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार. मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा हा प्रवास शंभर किलोमीटरहून थोडा जास्त होता. तोपर्यंत मोटारीतून एवढ्या लांब कोणीच गेले नव्हते. वाटेत इंधन संपले. तेव्हा पेट्रोल पंप नावाची गोष्टच जगात नव्हती. बर्थाने वीसलोख नावाच्या गावात औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले, तेच टाकीत ओतले आणि पुढे निघाली. त्या औषधाच्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हटले जाते.

त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आता पुन्हा एकदा नव्या प्रकारची मोटार रस्त्यावर आली आहे आणि पुन्हा तोच प्रश्न उभा आहे. गाडी तर आहे, पण वाटेत तिची भूक भागवायची कुठे?

शंका खोटी नाही

आपल्या देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात १९ लाखांहून अधिक विजेवरील वाहने विकली गेली. त्यांतील बहुतेक दुचाकी आणि तीनचाकी. त्यांचे रोजचे येणे-जाणे ठरलेले असते. रात्री घरी चार्जिंगला लावायची आणि सकाळी कामाला न्यायची, एवढ्यावर त्यांचे भागते. प्रश्न येतो तो मोटारींचा आणि टॅक्सीचा. कारण मोटार घेणारा माणूस ती केवळ ऑफिसला जाण्यासाठी घेत नाही. दिवाळीला गावी, मे महिन्यात कोकणात, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या आजारपणाला त्याला त्याच गाडीने जायचे असते.

चार्जिंगची सोय नसली तर काय होते, याचा धडा नागपूरने पूर्वीच घेतला आहे. मे २०१७ मध्ये तिथे विजेवरील टॅक्सीचा मोठा प्रयोग गाजावाजा करून सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नागपुरातच इंडियन ऑइलच्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र निघाले. पेट्रोल पंपावरचे ते देशातले पहिले केंद्र मानले जाते. सुरुवात चांगली होती, पण काही महिन्यांतच चालक कंटाळले. गाड्या जास्त आणि केंद्रे कमी, त्यामुळे चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे. ज्याचे पोट फेऱ्यांवर अवलंबून आहे, त्याचा अर्धा दिवस रांगेत गेला तर त्याने घरी काय न्यायचे? अनेकांनी गाड्या परत करून पेट्रोल-डिझेलच्या गाडीकडे वळण्याची इच्छा दाखवली. गाड्यांच्या आधी, निदान गाड्यांच्या बरोबरीने चार्जिंग केंद्रे उभी राहिली पाहिजेत, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

'जलद' म्हणजे किती जलद?

येथे थोडे तंत्र समजून घेतले पाहिजे. बॅटरीत जी वीज साठते ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. आपल्या घरात येते ती एसी वीज. घरी गाडी चार्जिंगला लावली की गाडीतले छोटे यंत्र एसीचे डीसीत रूपांतर करते. ते यंत्र लहान असल्याने काम सावकाश होते. जलद केंद्रावर हेच रूपांतर बाहेरच्या कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रात होते आणि तयार डीसी वीज थेट बॅटरीत जाते.

फरक किती पडतो पाहा. समजा गाडीची बॅटरी ४० युनिटची आहे. एका युनिटमध्ये गाडी साधारण सहा-सात किलोमीटर धावते, म्हणजे पूर्ण बॅटरीवर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ही बॅटरी घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला बारा-तेरा तास लागतात. तेच काम ६० किलोवॅटच्या जलद यंत्रावर बरेचसे अर्ध्या-पाऊण तासात उरकते. 'बरेचसे' म्हणायचे कारण असे की ८० टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळूहळू घेऊ लागते. भरत आलेल्या हंड्यात आपण नळ बारीक करतो, तसेच हे आहे. शेवटचे २० टक्के भरण्यात जवळजवळ तेवढाच वेळ पुन्हा जाऊ शकतो. म्हणून जाणकार प्रवासी ८० टक्के झाले की मागच्यासाठी जागा मोकळी करतात.

दुसरी अडचण प्लगच्या आकाराची. सुरुवातीला वेगवेगळ्या गाड्यांचे प्लग वेगवेगळे होते. टॅक्सीसाठी आलेल्या जुन्या गाड्यांना १५ किलोवॅटचे 'भारत डीसी-००१' यंत्र लागे. नंतरच्या मोटारींनी 'सीसीएस-२' हा प्रकार स्वीकारला आणि आज जवळपास सर्व नव्या मोटारी त्यावरच चालतात. मोटारींपुरता हा घोळ बराचसा मिटला आहे. स्कूटरच्या बाबतीत मात्र कंपनीगणिक प्लग बदलतो, हे दुखणे अजून आहेच.

सरकारने काय केले?

चार्जिंग केंद्र काढायचे तर वीज विकण्याचा परवाना लागतो का, हा पहिला कायदेशीर पेच होता. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की, गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यामुळे परवान्याची गरज उरली नाही. हॉटेलवाला, दुकानदार, पेट्रोल पंपवाला, कोणीही नियम पाळून केंद्र काढू शकतो, असा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक केंद्र आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक, असे उद्दिष्ट त्यांत ठेवले गेले. ऑगस्ट २०१९ पासून विजेवरील गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि चार्जरवरचा १८ वरून ५ टक्के झाला.

पुढे मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना त्यांच्या पंपांवर ७,४३२ जलद केंद्रे उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत एकट्या चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले असून त्यांतून सुमारे ७२ हजार चार्जर बसवण्याचा संकल्प आहे.

डिसेंबर २०२४ पर्यंत देशात २५ हजारांहून अधिक सार्वजनिक चार्जिंग केंद्रे झाली होती. यात कर्नाटक पहिले आणि महाराष्ट्र दुसरे. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण देशात पेट्रोल पंप ९० हजारांच्या वर आहेत आणि तिथे गाडी पाच मिनिटांत मोकळी होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शिवाय या केंद्रांतली कितीतरी सावकाश चालणारी आहेत. घाईच्या प्रवाशाला त्यांचा उपयोग बेताचाच.

महाराष्ट्रात आणखी एक शुभ घटना घडली. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवरील 'शिवाई' बस त्याच मार्गावर सुरू झाली. ज्याच्याकडे स्वतःची मोटार नाही, त्यालाही या बदलाचा लाभ मिळावा याची ती सुरुवात होती. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफी देण्यात आली. पण नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटरचे अंतर कोणतीही मध्यम मोटार एका दमात कापू शकत नाही. टोल वाचला तरी वाटेत दोन-तीनदा थांबावेच लागते. तिथे केंद्र चालू असेल तरच त्या माफीला अर्थ.

घोडे अडते कुठे?

पहिली अडचण विजेच्या जोडणीची. ६० किलोवॅटचे एक यंत्र म्हणजे वीस-पंचवीस साध्या घरांचा भार एकाच ठिकाणी. अशी चार यंत्रे बसवायची तर नवा ट्रान्सफॉर्मर, नवी केबल आणि कधी कधी दूरवरून नवी वाहिनी आणावी लागते. सप्टेंबर २०२४ च्या सुधारित तत्त्वांनी मोठ्या शहरांत ३ दिवसांत, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यावी असे म्हटले आहे. परंतु नवी वाहिनी टाकायची असेल तर ही मुदत वाढते. यंत्र उभे आहे, त्यावर रंगीत पाटीही आहे, पण वीज आलेली नाही, असे दृश्य त्यामुळेच दिसते.

दुसरी अडचण हिशेबाची. यंत्रावर लाखो रुपये खर्च होतात. दिवसाला दोन-तीन गाड्याच आल्या तर केंद्र चालवणाऱ्याचे व्याजही सुटत नाही. गाड्या नाहीत म्हणून केंद्रे नाहीत, आणि केंद्रे नाहीत म्हणून गाड्या नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. तोटा झाला की देखभाल थांबते, यंत्र बंद पडते आणि कित्येक दिवस तसेच राहते. ग्राहकालाही ही सेवा स्वस्त नाही. बाहेरच्या युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. नव्या तत्त्वांनी दिवसा सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत केंद्रांना स्वस्त वीज देण्यास सांगितले आहे. सौरऊर्जा मुबलक असताना गाड्या भरल्या जाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे.

तिसरी अडचण अॅपची. प्रत्येक कंपनीचे वेगळे अॅप, प्रत्येकात आधी पैसे भरायचे आणि उरलेले शंभर-दोनशे रुपये तिथेच अडकायचे. महामार्गावर मोबाइलची रेंज गेली तर यंत्र समोर असूनही हात चोळत बसायचे. सर्व केंद्रांसाठी एकच अॅप करण्याचे काम भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे सोपवण्याचा विचार सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखवला. ते लवकर व्हावे.

आणि चौथी अडचण फार कमी बोलली जाते. पेट्रोल भरायला गाडीतून उतरावेही लागत नाही. चार्जिंगसाठी मात्र अर्धा-पाऊण तास थांबावेच लागते. रात्री नऊ वाजता मुलांना घेऊन निघालेल्या एखाद्या बाईला ओसाड जागी, दिवा नाही, छप्पर नाही, स्वच्छतागृह नाही, अशा ठिकाणी पाऊण तास काढणे कसे जमावे? केंद्र कुठे उभारायचे हे ठरवताना केवळ विजेचा खांब पाहून चालणार नाही. तिथे माणसे थांबणार आहेत, त्यांत वृद्ध आणि लहान मुले असणार आहेत, याचाही विचार झाला पाहिजे.

नॉर्वेने काय केले?

नॉर्वे हा थंड, डोंगराळ आणि विरळ वस्तीचा देश. २०१५ पासून तेथील सरकारने प्रमुख रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला किमान दोन जलद चार्जर उभे राहावेत म्हणून मदत दिली. जिथे रहदारी कमी आणि धंदा होणार नाही, अशा रस्त्यांवर तर ही मदत मोलाची ठरली. गाड्यांवरचे करही माफ होते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी ८९ विजेवरच्या होत्या. युरोपीय संघानेही २०२४ पासून मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरवर जलद केंद्राची आणि नव्या जलद यंत्रांवर साध्या बँक कार्डाने पैसे घेण्याची सक्ती केली. नॉर्वे श्रीमंत आहे, त्याची लोकसंख्या आपल्या एका महानगराहून कमी आहे, हे खरे. तरी आडवाटेवरचे केंद्र नुसते बाजारावर सोडून होत नाही, एवढा बोध आपल्याला घेता येईल.

निघण्यापूर्वी एवढे करा

• वाटेतली केंद्रे आधीच पाहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणासाठी जवळचे दुसरे केंद्रही हेरून ठेवा.
• बॅटरी १० टक्क्यांवर येईपर्यंत वाट पाहू नका. २५-३० टक्के असतानाच थांबा.
• जेवणाची किंवा चहाची वेळ आणि चार्जिंगची वेळ एकच ठेवा.
• दोन-तीन अॅप घरूनच सुरू करून ठेवा. घरची चार्जिंगची वायर डिकीत असू द्या.
• सणासुदीच्या गर्दीत भल्या पहाटे निघा. ८० टक्के झाले की जागा सोडा.
• सोसायटीत चार्जिंगचा विषय निघाला तर विरोधाला विरोध करू नका. जाणकार वायरमनकडून भार तपासून घ्या आणि स्वतंत्र मीटरचा पर्याय मांडा. गाडी घरीच भरली गेली तर रस्त्यावरची रांग तेवढीच कमी होते.

बर्था बेंझ त्या दिवशी संध्याकाळी माहेरी सुखरूप पोहोचली आणि तिने नवऱ्याला तार करून ते कळवले. तिने वाट काढली ती धैर्याने आणि प्रसंगावधानाने. पण सणाला गावी निघालेल्या साध्या कुटुंबाकडून दर वेळी अशा धैर्याची अपेक्षा कोणी करू नये. गाडीत बसावे, वाटेत थांबून मुलांना दोन घास भरवावेत, तोवर गाडीही भरावी आणि दिवेलागणीपूर्वी घर गाठावे, एवढेच त्याला हवे असते. ज्या दिवशी हे बिनघोर होईल, त्या दिवशी विजेची गाडी घ्यावी की नाही, हे कुणाला पटवून द्यावे लागणार नाही.