पटकथेचे आरंभीचे खर्डे आणि विज्ञानपटाची घडण : ‘एलियन’च्या संदर्भात

पाठचिकित्सेची दृष्टी मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठभेद, अपपाठ आणि प्रक्षेप यांचा विचार आपल्याकडे होत आला आहे. चित्रपटाच्या अभ्यासात मात्र ही दृष्टी सहसा बाजूला ठेवली जाते. पडद्यावर जे दिसते तीच एकमेव संहिता होय असे गृहीत धरले जाते आणि त्या संहितेचे सगळे कर्तृत्व दिग्दर्शकाच्या खाती जमा केले जाते. पटकथा हा लेखनप्रकार आहे, तिचे एकामागून एक खर्डे होतात आणि त्यांतील गाळलेला भागही अंतिम कृतीत आपली खूण ठेवून जातो, याची दखल फारशी घेतली जात नाही.

विज्ञानपटाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक महाग पडते. वास्तववादी चित्रपटातील जग प्रेक्षकाच्या ओळखीचे असते. लेखकाला माणसे आणि त्यांचे संबंध तेवढे उभे करायचे असतात. विज्ञानपटात जगाचे नियमच प्रथम रचावे लागतात. परका जीव जन्मतो कसा, जगतो कशावर, मरतो कशाने, हे कोणीतरी कागदावर ठरवल्याशिवाय पुढचे पान लिहिता येत नाही. असे नियम आरंभीच्या खर्ड्यात ठरतात, आणि एकदा ठरले की सहसा हलत नाहीत. कारण पुढची प्रत्येक घटना त्यांच्या आधारावर उभी असते. त्या मानाने पात्रे सहज बदलता येतात. रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाच्या खर्ड्यांवरून हे चांगले तपासता येते.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : पृथ्वीकडे परतणाऱ्या ‘नोस्ट्रोमो’ या मालवाहू अंतराळयानातील कर्मचारी एका अनोळखी संदेशामुळे दीर्घ निद्रेतून जागे होतात व एका उजाड ग्रहावर उतरतात. तेथे एका परक्या यानात त्यांना अंडी सापडतात. त्यांतील एका अंड्यातून बाहेर आलेला जीव केन या कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याला चिकटतो. पुढे जेवणाच्या टेबलावर केनची छाती फोडून दुसरा जीव बाहेर पडतो आणि यानातील एकेकाला मारत सुटतो. शेवटी रिप्ली ही एक स्त्री व एक मांजर एवढेच वाचतात.

मूळ लेखक डॅन ओ’बॅनन. जॉन कार्पेंटरसमवेत त्याने ‘डार्क स्टार’ (१९७४) हा अत्यल्प खर्चाचा विनोदी विज्ञानपट लिहिला होता. त्यातील परका जीव म्हणजे रंगवलेला समुद्रकिनाऱ्यावरचा चेंडू होता. तीच कल्पना हसवण्याऐवजी घाबरवण्यासाठी वापरावी, असे त्याच्या मनात होते. त्यानंतर होदोरोव्स्कीच्या ‘ड्यून’ या नियोजित चित्रपटासाठी तो पॅरिसला गेला. तो प्रकल्प कोसळला आणि ओ’बॅनन निष्कांचन अवस्थेत लॉस एंजेलिसला परतून रोनाल्ड शुसेट या मित्राच्या घरी राहू लागला. पॅरिसमध्ये त्याला एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराच्या चित्रांचा परिचय झाला होता. पुढे त्या जीवाला जे रूप मिळाले, त्याचे मूळ या फसलेल्या प्रकल्पात आहे.

त्याच्याजवळ ‘मेमरी’ नावाची एक अपुरी पटकथा होती. संदेशाने जागे झालेले कर्मचारी आणि उजाड ग्रहावरचे अवतरण इथवर ती येऊन थांबली होती. त्याची दुसरी एक कल्पना महायुद्धातील बॉम्बफेकी विमानात शिरलेल्या उपद्रवी भुतांची होती. ही दुसरी कल्पना पहिलीचा उत्तरार्ध म्हणून जोडावी, असे शुसेटने सुचवले. जीव यानात शिरणार कसा, या अडचणीचे उत्तरही शुसेटनेच दिले : त्याने एका माणसाच्या शरीरात आपले बीज ठेवावे. जीवाला गोळ्या घालून प्रश्न का मिटत नाही, या शंकेवर रॉन कॉब या चित्रकाराने तोड काढली की त्याचे रक्त आम्लासारखे असावे. ते सांडले तर यानाचा तळच जळून जाईल. या तिन्ही कल्पना कथेतील अडचणी सोडवण्यासाठी सुचलेल्या आहेत. चित्रपटावर लिहिताना समीक्षक बलात्कार, प्रसूती आणि देहभय यांची जी आशयसूत्रे मांडतात, त्यांचा उगम अशा कारागिरीच्या गरजेत आहे. त्यामुळे ती सूत्रे खोटी ठरत नाहीत. शुसेटच्या उपायातील भीषणता ओ’बॅननने पूर्णपणे ओळखून वापरली. मात्र आशय आधी व रचना नंतर, हा आपल्या वर्गांतून शिकवला जाणारा क्रम येथे उलटा आहे एवढे ध्यानात घ्यावे लागते.

‘स्टार बीस्ट’ या तात्पुरत्या नावाने लिहिल्या गेलेल्या आणि पुढे ‘एलियन’ झालेल्या या खर्ड्यात यानाचे नाव ‘स्नार्क’ आहे. कर्मचारी सहा : स्टँडर्ड, रोबी, ब्रुसार्ड, मेल्कोनिस, हंटर आणि फॉस्ट. यांतील एकही नाव चित्रपटात उरलेले नाही. पात्रांच्या यादीखाली लेखकाने एक टीप जोडली आहे : कोणतेही पात्र स्त्री अथवा पुरुष कोणीही साकारावे. रोबीची रिप्ली झाली आणि ती भूमिका सिगोर्नी वीव्हरकडे गेली, हे निर्णय नंतरचे व इतरांचे. तरी ते सहज घेता आले याचे कारण त्या खर्ड्यातील पात्रांना आडनावे आणि कामे यांपलीकडे फारसे काही दिलेलेच नव्हते. पात्रचित्रणाचा हा अभाव एरवी दोषच मानावा लागेल. येथे त्याच अभावाने विज्ञानपटाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या स्त्रीपात्राला जागा करून दिली.

पटकथा ‘ब्रँडीवाइन’ या निर्मितीसंस्थेकडे गेल्यावर वॉल्टर हिल व डेव्हिड गायलर यांनी तिचे पुनर्लेखन केले. वाक्ये तोडून त्यांनी तिला जवळजवळ मुक्तच्छंदासारखी त्रोटक, कोरडी शैली दिली. नावे बदलली, संवाद कामगारांच्या तोंडी शोभतील असे केले. त्यांची सर्वांत मोठी भर म्हणजे अ‍ॅश हे सातवे पात्र. अ‍ॅश हा मानवरूपी यंत्रमानव आहे. जीव सुरक्षित परत आणावा, माणसे गेली तरी चालतील, असा कंपनीचा गुप्त आदेश त्याच्याकडे आहे. ओ’बॅननला ही भर अनावश्यक वाटली. पाठचिकित्सेच्या भाषेत तिला प्रक्षेप म्हणावे लागेल. परंतु हा प्रक्षेप मूळ संहितेचा अर्थच पालटतो. जीवाचे जीवनचक्र, त्याचे आम्लरक्त, जेवणाच्या टेबलावरील मृत्यू हे सारे जागच्या जागी राहते. मात्र जी आपत्ती आधी केवळ दुर्दैव होती, ती आता मालकाची योजना ठरते. या ठिकाणी ओ’बॅननचा आक्षेप मान्य करणे कठीण आहे. नियम त्याचे असले, तरी त्या नियमांना सामाजिक अर्थ देणारे पात्र त्याचे नाही. पुढे अमेरिकेतील लेखकसंघाच्या लवादाने पटकथेचे श्रेय एकट्या ओ’बॅननला व कथेचे श्रेय त्याला आणि शुसेटला दिले. अ‍ॅशचा विचार करता हा निवाडा अपुरा वाटतो.

गाळलेल्या भागाचे उदाहरण याहून बोलके आहे. ओ’बॅननच्या खर्ड्यात दोन स्थळे आहेत. पहिले, परके यान व त्यात मरून पडलेला चालक. मरण्यापूर्वी त्याने एक त्रिकोण कोरून ठेवला आहे. दुसरे, त्या त्रिकोणाचा उलगडा करणारा पिरॅमिड. अंडी या पिरॅमिडात आहेत आणि त्याच्या भिंतींवरील शिल्पांतून जीवाचे जीवनचक्र सूचित होते. खर्च आणि लांबी यांच्या विचाराने पिरॅमिड वगळला गेला व अंडी परक्या यानाच्याच तळघरात आली. त्रिकोण गेला, शिल्पे गेली, खुलासाही गेला. मागे उरला तो गीगरने रचलेला प्रचंड, आसनाशी एकजीव झालेला मृत चालक, ज्याची छाती आतून फुटलेली आहे. तो कोण, कोठून आला, अंडी त्याच्या यानात का, हे चित्रपट सांगत नाही. या दृश्यातील गूढतेला स्कॉटच्या संयमाचे फळ मानण्याकडे समीक्षेचा कल असतो. स्कॉटची दृश्यजाण नाकारण्याचे कारण नाही. तथापि खर्डे समोर ठेवले, तर ही गूढता बऱ्याच अंशी काटछाटीतून निर्माण झालेली दिसते : प्रश्न पहिल्या खर्ड्यातून आला आणि उत्तर वाटेत गळाले.

येथे पाठचिकित्सेच्या नेहमीच्या पद्धतीची मर्यादाही कळते. ‘ज्ञानेश्वरी’च्या संशोधकाला उपलब्ध प्रतींवरून हरवलेल्या मूळ पाठाकडे जायचे असते. पटकथेच्या अभ्यासकाजवळ आरंभीचा पाठ असू शकतो, अंतिम कृतीही असते. त्याला शोधायची असते ती मधली वाट. म्हणून आरंभीचा खर्डा ‘शुद्ध’ आणि पुढचे सारे भ्रष्ट, अशी मांडणी येथे निरुपयोगी ठरते. प्रबंधासाठी असे खर्डे वापरणाऱ्याने आपण कोणता खर्डा, कोणाच्या हातचा आणि केव्हाचा वाचला हे आरंभीच नोंदवावे. एकाच चित्रपटाचे भिन्न खर्डे ‘मूळ पटकथा’ या एकाच नावाने फिरत असतात.

चित्रीकरणानंतरही संहिता स्थिरावली नाही. डॅलस हा कप्तान व ब्रेट यांना तो जीव कोशात गुंडाळतो आणि त्यांचे अंड्यांत रूपांतर होऊ लागते, असे एक दृश्य चित्रित झाले होते. गती मंदावते म्हणून ते काढले गेले व १९७९च्या चित्रपटात अंडी घालतो कोण हा प्रश्न मोकळा राहिला. त्या मोकळ्या जागेत जेम्स कॅमेरॉनने ‘एलियन्स’ (१९८६) मध्ये अंडी घालणारी राणी आणून बसवली. २००३च्या सुधारित आवृत्तीत स्कॉटने कोशाचे दृश्य परत घेतले, तेव्हा एकाच जीवाच्या उत्पत्तीचे दोन परस्परविरोधी पाठ प्रेक्षकांसमोर आले. त्यांचा मेळ आजही नीट बसत नाही. मृत चालकाचा प्रश्न मात्र स्कॉटनेच पुन्हा हाती घेतला. ‘प्रोमिथियस’ (२०१२) या त्याच्या चित्रपटात त्या चालकाची जात येते, आणि तिच्यासोबत देवळासारखी एक प्राचीन वास्तूही येते. ओ’बॅनन २००९ मध्ये निवर्तला होता.