अलॉय व्हील घेताय? आधी आकडे जुळवा!

बंगळुरूच्या टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड म्हणजे मोटारीच्या हौशी मालकांची पंढरीच! म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव मिरवणाऱ्या या रस्त्यावर सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत सारे काही मिळते. दुकानांच्या दर्शनी भागात चकाकणारी अलॉय व्हील्स तर येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणावतच असतात. मूळची पोलादी चाके आणि त्यांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मग अगदीच फिक्या वाटू लागतात.

हौस करण्यात काही गैर नाही. पण चाक म्हणजे नुसता दागिना नव्हे. बायकामुलांसह साऱ्या गाडीचा भार रस्त्यावर टेकतो तो चार तळहातांएवढ्या जागेवर. बंगळुरूहून पुण्याकडे निघालेल्या कुटुंबाला तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव असा आठशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला याच चार जागांच्या भरवशावर गाठायचा असतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित मांडायला हवे.

टायरवरची भाषा

मारुती स्विफ्टचेच उदाहरण घेऊ. हिच्या साध्या श्रेणीला १६५/८० आर १४ टायर येतात. यात १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. रिमच्या व्यासात भिंतीची उंची दोनदा मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास निघतो सुमारे ६२० मिलिमीटर.

याच गाडीच्या वरच्या श्रेणीला कंपनी १८५/६५ आर १५ टायर देते. त्याचा व्यास येतो साधारण ६२१.५ मिलिमीटर. रिम एक इंचाने वाढली, टायर रुंद झाला, पण भिंत बुटकी झाल्याने चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहिली. आकार बदलण्याचे खरे सूत्र हेच. नव्या-जुन्या व्यासातील फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, आणि जितका कमी तितका बरा.

हा नियम मोडला तर? त्याच गाडीला २०५/६५ आर १५ बसवल्यास व्यास सुमारे ६४७ मिलिमीटर होतो. मग स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ च्या पुढे धावत असते. शिवाय स्टीअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासू शकतो.

'अहो, सोळा इंची चाके किती ऐटबाज दिसतील!' असा आग्रह घरातूनच होतो. पण १९५/५० आर १६ घेतला तर भिंत उरते अवघी ९७ मिलिमीटरची. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात चाक आदळले की धक्का सोसायला रबर कमी आणि रिम जास्त. पोलादी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि अलॉय हलकेच असते असेही नाही. मोठे अलॉय मूळच्या लहान पोलादी चाकापेक्षा जड भरू शकते. मग सस्पेन्शन आणि मायलेज या दोन्हींवर ताण येतो.

चाक बसते, पण नीट बसते का?

रिमवरील भोके किती आणि कोणत्या वर्तुळावर आहेत, याला पीसीडी म्हणतात. स्विफ्टला ४ भोके आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ लागते. पीसीडी जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. स्विफ्टच्या हबसाठी रिमचे मधले भोक ५४.१ मिलिमीटरचे लागते. बाजारातील अनेक अलॉयचे भोक त्याहून मोठे असते. मधली फट भरणारी रिंग बसवून घेतली नाही, तर वेगात स्टीअरिंग थरथरू शकते.

रिमवर 'ईटी ४५' असे कोरलेले असते. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग ४५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा ३८ झाला तर चाक ७ मिलिमीटर बाहेर येते. त्यात रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली, तर बाहेरची कड आणखी सहा मिलिमीटर पुढे सरकते. गाडी रिकामी असताना काही जाणवणार नाही. पाच माणसे आणि सामान भरले की टायर घासण्याचा आवाज येईल, बेअरिंगही लवकर झिजेल.

नटांकडेही पाहा. मारुतीचे नट साधारणपणे १२ बाय १.२५ आट्यांचे, तर ह्युंडाईचे १२ बाय १.५ चे. एकाचे नट दुसऱ्याला जबरदस्तीने बसवू नयेत. नटाची बैठक रिमच्या भोकाशी जुळली पाहिजे. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर नट पुन्हा तपासून घट्ट करावेत.

खरेदी करताना

रिमवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे. टायरवरचा भार निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. उदाहरणार्थ, ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे मडगार्डबाहेर डोकावणाऱ्या चाकांचा मोह टाळावा. पक्के बिल घेऊन विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी या चाकांची किंमत हाती येईलच असे नाही.

निवड करताना गोंधळ उडालाच तर एक सोपा मार्ग आहे. आपल्याच गाडीच्या वरच्या श्रेणीला कंपनी कोणते माप देते ते माहितीपुस्तिकेत पाहावे आणि तेच घ्यावे. हौसही भागते आणि घरची माणसे सुखरूप घरी पोचतात.